दोघांची चाल

आमच्या लहानपणी चालणे ही कौतुकाची गोष्ट नव्हती. वसईच्या वाड्यांतून केळी, भाजी आणि खायच्या पानांच्या पाट्या डोक्यावर घेऊन आमच्या आया पहाटेच्या अंधारात स्टेशनची वाट धरीत. शाळा दूर होती, चर्च दूर होते आणि दोन्हीकडे पायी जाण्यावाचून दुसरा मार्ग आम्हांला ठाऊक नव्हता. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही उभयतां केवळ चालण्यासाठी परदेशी निघालो आहोत, हे कळल्यावर शेजारच्या आजीबाईंनी विचारले, "आखा जन्म पाय झिजवलेत, ते पुरे नाही झाले? आता पैसे भरून चालायचे?" आजीबाईंचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे नीट उत्तर देणे तेव्हा आम्हांला जमले नाही.

२०१६ ते २०१९ ह्या काळात आम्ही तीन खंडांतील तीन जुन्या वाटा पायांखाली घातल्या. युरोपात सांतियागोची वाट, जपानात कुमानो कोदो आणि दक्षिण अमेरिकेत पेरू देशातील इन्का लोकांची वाट. सारे मिळून साधारण पावणेनऊशे किलोमीटर भरतील. आजची तरुण मंडळी ह्याहून कितीतरी अधिक चालतात. न्यूझीलंडमध्ये २०११ साली खुली झालेली ते आरारोआ ही एकच वाट तीन हजार किलोमीटरांची आहे. त्यांच्यापुढे आमचा हिशेब किरकोळच. परंतु आम्ही दोघे मिळून चाललो, आणि 'मिळून' ह्या शब्दाचा अर्थ कळायला आम्हांला तीन खंड लागले. तेवढेच येथे सांगायचे आहे.

हा लेखही आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. म्हणून त्यात 'मी' कोठे नाही. जेथे वेगळे सांगणे भाग पडले तेथे पती आणि पत्नी असा साधा उल्लेख केला आहे.

२००९ सालच्या पावसाळ्यात आमचा थोरला मुलगा अल्पशा आजाराने देवाघरी गेला. तो बावीस वर्षांचा होता. अंत्यविधीला सारा गाव लोटला. सातव्या दिवसाच्या मिस्सेपर्यंत घरात माणसांचा राबता होता. पुढे तो ओसरला आणि आम्ही दोघे व धाकटी मुलगी एवढेच उरलो. दुःख दोघांचे एकच होते, परंतु त्याची चाल वेगवेगळी निघाली. पती पहाटे उठून समुद्रकिनाऱ्याने चालू लागे आणि नोकरीत जास्तीच्या पाळ्या मागून घेई. पत्नी शाळेतून शिकवून आली की मुलाच्या खोलीत, त्याच्या पुस्तकांपाशी बसून राही. एकाला त्याचे नाव निघताच उठून जावेसे वाटे. दुसरीला वाटे, दिवसभरात कोणीतरी ते नाव घ्यावे. आमच्यात भांडण नव्हते. सात वर्षे आम्ही एका मेजावर जेवलो, एका बाकावर बसून मिस्सा ऐकली, एकमेकांना सांभाळले, आणि त्या सांभाळण्यातच आमचे बोलणे संपून गेले.

सांतियागोची वाट सुचवली ती धाकट्या मुलीने. निवृत्तीच्या रकमेतील काही भाग तिने आमच्याकडून हट्टाने बाजूला ठेवून घेतला. सहा महिने आम्ही सॅकमध्ये पाच-पाच किलो तांदूळ भरून निर्मळ-भुईगावच्या रस्त्यांवर चालण्याचा सराव केला. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक असू नये, असा लांब चालणाऱ्यांचा एक सर्वमान्य नियम आहे. तो पाळायचा म्हणजे दोन जोड कपडे, रेनकोट, औषधे, जपमाळ आणि पाण्याची बाटली एवढ्यावर गाडी येऊन थांबते. त्यात आम्ही आणखी दोन वस्तू घेतल्या. आमच्या वाडीतील बावखलाच्या काठचे दोन लहान खडे. त्या बावखलात आमचा मुलगा पोहायला शिकला होता. सांतियागोच्या वाटेवर एका डोंगरमाथ्यावर लोखंडी क्रूस आहे आणि यात्रेकरू आपल्या घरून आणलेला दगड त्याच्या पायथ्याशी ठेवतात, असे आम्ही वाचले होते.

येशूच्या बारा प्रेषितांपैकी थोरले संत याकोब ह्यांची कबर स्पेनच्या वायव्य टोकाला आहे, अशी परंपरा आहे. ही कबर सापडल्याची वार्ता नवव्या शतकातील. तेव्हापासून मध्ययुगात युरोपच्या कानाकोपऱ्यांतून लोक तेथे पायी जात. आपल्याकडे आळंदीहून पंढरपूरला जाणारी वारी किंवा बेळगाव-सिंधुदुर्गाकडून जुन्या गोव्याला ३ डिसेंबरच्या सणासाठी पायी निघणारे भाविक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगावे लागू नये. पुढे ही वाट ओस पडत गेली. तिला पुन्हा माणसे दाखवली ती एका साध्या धर्मगुरूने. ओ सेब्रेइरो ह्या डोंगरावरील चिमुकल्या गावाचे धर्मगुरू डॉन एलियास वालिन्या ह्यांनी १९८४ साली पिवळ्या रंगाचा डबा घेतला आणि फ्रान्सच्या हद्दीपासून वळणावळणावर, झाडांवर, भिंतींवर बाण रंगवीत ते निघाले. रस्त्याच्या कामातून उरलेला तो रंग होता, असे सांगतात. १९८९ साली ते वारले. १९८६ साली सांतियागोला पोहोचल्याचे प्रमाणपत्र घेणारे अडीच हजारांहून अधिक नव्हते. २०२४ साली ती संख्या पाच लाखांच्या घरात गेली. एका लहान धर्मग्रामाच्या फादरांनी रंगवलेला बाण आज अर्धे जग पाहत चालले आहे. आम्हीही अट्ठेचाळीस दिवस तेच बाण पाहत चाललो.

फ्रान्समधील सां-झां-प्ये-द-पोर ह्या गावातून २०१६ सालच्या सप्टेंबरमध्ये आम्ही निघालो. तेथून सांतियागो सुमारे ७८० किलोमीटर. पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडून पंचवीस किलोमीटरांवरचे रोन्सेस्वायेस गाठायचे असते आणि त्यात साडेबाराशे मीटरांची चढण आहे. सायंकाळी तेथील मठाच्या चर्चमध्ये यात्रेकरूंसाठी मिस्सा होते आणि शेवटी आशीर्वाद देताना त्या दिवशी आलेल्यांच्या देशांची नावे वाचली जातात. त्या यादीत 'भारत' हा शब्द ऐकला तेव्हा पायांचे दुखणे थोडा वेळ विसरायला झाले.

ही वाट नव्हार्रा प्रांतातून जाते. तोच संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा प्रांत. पांप्लोना शहरात एक दिवस थांबून आम्ही बसने हाविएर येथील त्यांचा वाडा पाहून आलो. १५०६ साली येथे त्यांचा जन्म झाला. तेथील प्रार्थनागृहात क्रुसावरील ख्रिस्ताची एक जुनी लाकडी मूर्ती आहे आणि तिच्या ओठांवर चक्क हसू आहे. १५४१ साली लिस्बनहून जहाजात चढलेले झेवियर पुन्हा ह्या दारात आले नाहीत. त्यांची पावले आमच्या वसईतही पडून गेली होती. त्यांच्या अंगणात उभे राहताना आम्ही पाहुणे म्हणून आलो आहोत असे वाटले नाही. जुनी भेट परत करायला आलो आहोत असे वाटले.

परंतु वाटेवरचा आमचा पहिला पंधरवडा चांगला गेला असे म्हणता येणार नाही. पतीची चाल लांब आणि झपाट्याची. चाळीस वर्षे लोकल पकडणाऱ्या माणसाची. पत्नीची चाल आखूड आणि एकसारखी. पती पुढे निघून जाई आणि पुढच्या गावात बसून वाट पाही. पत्नी पोहोचेपर्यंत त्याची कॉफी संपलेली असे आणि विश्रांतीही. ती टेकते न टेकते तोच तो उठे. घरी सात वर्षे जे चालले होते, तेच आता स्पेनच्या द्राक्षमळ्यांतून चालू झाले होते. फरक एवढाच, की येथे ते उघड्यावर होते आणि दोघांनाही दिसत होते.

बुर्गोस शहर सोडले की लेओनपर्यंत सपाट, झाडांवाचूनचे पठार लागते. त्याला मेसेता म्हणतात. गव्हाची कापणी झालेली असते, चहूकडे खुंट, वर आभाळ. पुष्कळ यात्रेकरू हा टप्पा बसने ओलांडतात. कार्रियोन दे लोस कोंदेस ह्या गावात धर्मभगिनी यात्रेकरूंची धर्मशाळा चालवतात. संध्याकाळी त्या गिटार घेऊन सगळ्यांसमवेत गातात आणि रात्रीच्या आशीर्वादानंतर प्रत्येकाच्या हाती कागदाचा एक छोटा तारा ठेवतात. त्या रात्री एका वृद्ध भगिनीने आमच्याकडे पाहून खुणेने विचारले, की उद्या पुढे कोण चालणार? पती हसून स्वतःकडे बोट दाखवू लागला. तिने मान हलवली, पत्नीच्या खांद्याला हात लावला आणि तिला पुढे केले.

दुसऱ्या दिवशी सतरा किलोमीटर मध्ये एकही गाव नाही. पत्नी पुढे, पती मागे. डोंगरात वाटाडे नेहमी मंद चालणाऱ्यालाच पुढे ठेवतात, हे आम्हांला नंतर पेरूमध्ये कळले. मागच्याला पुढच्याची पावले दिसतात आणि तो आपोआप आपली चाल आवरतो. पहिल्या तासात पतीला ते जड गेले. तिसऱ्या तासात पत्नीने मागे न पाहता मुलाबद्दल बोलायला सुरुवात केली. शेवटच्या आठवड्यातील एका रात्रीची ती गोष्ट होती. इस्पितळात त्याने काय मागितले होते ते ती सांगत होती. पती त्या रात्री पाळीवर होता, म्हणून त्याला ती ठाऊक नव्हती. उठून जायला तेथे जागा नव्हती. तो मागे चालत राहिला आणि ऐकत राहिला. समोरासमोर बसून जे सात वर्षे बोलता आले नाही, ते पाठमोऱ्याने बोलता आले. संत लूकच्या शुभवर्तमानात एम्माउसच्या वाटेवर निघालेल्या दोन शिष्यांची गोष्ट आपण दर पुनरुत्थान काळात ऐकतो. प्रभूने त्यांना वाटेत थांबवले नाही, तो त्यांच्याबरोबर चालू लागला. चालणाऱ्या माणसाचे मन चालतानाच मोकळे होते, हे त्या दिवशी आम्हांला कळले.

लोखंडी क्रूस, म्हणजे क्रूस दे फेरो, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. उंच लाकडी खांब, त्यावर लहानसा क्रूस, आणि पायथ्याशी शतकानुशतके साचलेला दगडांचा ढीग. आम्ही पहाटे पोहोचलो. पत्नीने आपला खडा काढला, ओठांना लावला आणि ठेवून दिला. जी सात वर्षे खोलीत बसून होती तिचा हात सुटला. पतीनेही खडा बाहेर काढला, बराच वेळ मुठीत धरला आणि परत खिशात टाकला. आम्ही एकमेकांना काही विचारले नाही आणि डोंगर उतरू लागलो.

त्या उतरणीत पत्नीचा गुडघा सुजला. व्हियाफ्रांका ह्या गावी डॉक्टरांनी तीन दिवस पाय जमिनीला टेकवू नका असे बजावले. पत्नी म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी बसने येते." पती म्हणाला, "तुझ्याशिवाय तिकडे पोहोचून मी कोणाला सांगू?" ह्या गावात संत याकोबांचेच एक बाराव्या शतकातील छोटे चर्च आहे आणि त्याच्या एका दाराला क्षमेचे दार म्हणतात. आजारी पडून ज्याला पुढे जाणे अशक्य झाले, त्याने ह्या दाराशी यावे. त्याला सांतियागोला पोहोचल्याची कृपा येथेच लाभते, असा अधिकार जुन्या काळापासून ह्या चर्चला आहे. सांतियागो तेथून जवळजवळ १९० किलोमीटर दूर. ज्यांनी हा नियम केला, त्यांनी लंगडणारा माणूस नीट पाहिला असला पाहिजे. तीन दिवस आम्ही त्या दारासमोरच्या कट्ट्यावर बसून काढले. चौथ्या दिवशी दहा-बारा किलोमीटरांचे छोटे टप्पे करून निघालो. ओ सेब्रेइरोची चढण चढून वालिन्या फादरांच्या गावी पोहोचायला आम्हांला तीन दिवस लागले.

ऑक्टोबरच्या अखेरीस, अट्ठेचाळिसाव्या दिवशी आम्ही सांतियागोच्या चौकात उभे राहिलो. कॅथेड्रलच्या दर्शनी भागाला दुरुस्तीसाठी परांची बांधलेली होती. आठ माणसांनी दोर ओढून झुलवायचे ते प्रचंड धूपपात्र त्या दिवशी झुलले नाही. परंतु ते दयेचे ज्युबिली वर्ष होते आणि एरवी केवळ पवित्र वर्षात उघडणारे तेथील पवित्र द्वार खुले होते. आम्ही त्यातून आत गेलो.

किमान शंभर किलोमीटर पायी चाललेल्या यात्रेकरूला तेथे लॅटिन भाषेतील प्रमाणपत्र मिळते. आपण हयात नसलेल्या किंवा आजारी असलेल्या माणसाच्या वतीने चाललो असू, तर तसा उल्लेखही करून देतात. खिडकीवरील स्वयंसेवकाने नाव विचारले. पतीने मुलाचे नाव सांगितले. त्याला ते समजले नाही. तेव्हा एकेक अक्षर सुटे करून पतीने ते पुन्हा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले, आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही हे वाकून पाहिले. सात वर्षांत पत्नीने त्याच्या तोंडून ते नाव ऐकले नव्हते.

जपानची वाट आम्हांला सांतियागोनेच दाखवली. किई द्वीपकल्पातील डोंगरांत कुमानो कोदो ही हजार वर्षांहून जुनी यात्रेची वाट आहे. युनेस्कोने १९९३ साली सांतियागोच्या वाटेला जागतिक वारसा म्हटले, तर २००४ साली ह्या वाटेला. यात्रेच्या वाटांना असा मान क्वचितच मिळतो. म्हणून २०१५ पासून दोन्ही वाटा चाललेल्यांना 'दुहेरी यात्रेकरू' म्हणून नोंदवून घेतात. २०१८ सालच्या नोव्हेंबरमध्ये ताकिजिरीपासून होंगूच्या देवस्थानापर्यंतचे सुमारे अडतीस किलोमीटर आम्ही तीन दिवसांत चाललो. उंच सुरूसारखी सरळ देवदार झाडे, शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, आणि मधूनमधून ओजी नावाची छोटी देवळे. तेथेही सांतियागोप्रमाणे वहीवर शिक्के घ्यायचे. फक्त शिक्का लाकडी पेटीत ठेवलेला असतो आणि तो आपणच उमटवायचा. मुक्काम घरगुती खाणावळींत. घरातली आजी आमचे ओले बूट पाहून त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवी. आमच्याकडे पावसाळ्यात शाळेच्या बुटांना हेच करीत. होंगूला नोंदणीनंतर यात्रेकरूला मोठा ढोल वाजवू देतात. परधर्माच्या अंगणात आम्ही टोप्या काढून उभे राहिलो, ढोल वाजवला आणि मनातल्या मनात आपल्या प्रभूचे आभार मानले. कोणी कोणाला अडवले नाही.

परंतु वसईकराची जपानयात्रा तेथे पुरी होत नाही. आम्हांला नागासाकीला जायचे होते. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन ब्रदर १५९३ साली जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली ते संतपदाला पोहोचले. हे आपल्या मुलांनाही पाठ असते. त्यापूर्वीच्या महिन्याबद्दल मात्र आम्ही कधी विचार केला नव्हता. क्योतोमध्ये त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे चालवीत नेण्यात आले. सुमारे आठशे किलोमीटर. आमच्या सांतियागोच्या वाटेएवढेच अंतर. आमच्या पायांत चांगले बूट होते आणि संध्याकाळी गरम जेवण होते.

क्योतोहून निघालेले चोवीस होते. टेकडीवर पोहोचले ते सव्वीस. दोन जपानी श्रावक कैद्यांची वाटेत सेवा करायची म्हणून त्यांच्याबरोबर चालत होते. पुढे त्यांनाही धरून त्याच रांगेत घातले गेले. त्यांनी आपण ख्रिस्ती नाही असे म्हटले असते, तर ते घरी जाऊ शकले असते. सव्विसांतील सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता.

शेवटच्या टप्प्यात कैद्यांना होड्यांतून तोगित्सूला आणले होते. तेथून निशिझाकापर्यंत दहा-बारा किलोमीटर आहेत. तेवढे तरी आपल्या पायांनी चालावे म्हणून आम्ही एका सकाळी तोगित्सूहून निघालो. आता तो गाड्यांनी गजबजलेला हमरस्ता आहे. वाटेत उराकामीचे कॅथेड्रल लागते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने ते उद्ध्वस्त झाले आणि नंतर पुन्हा बांधले गेले. टेकडीवर १९६२ साली उभारलेले स्मारक आहे. एका लांब भिंतीवर सव्वीस जणांच्या कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. सगळ्यांचे पाय जमिनीपासून सुटलेले, बोटे खाली झुकलेली. आमच्या संतांपुढे आम्ही मराठीतून 'हे आमच्या बापा' म्हटले. पतीने खिशातील खडा काढून भिंतीच्या दगडाला टेकवला आणि परत ठेवला. पत्नी शेजारी उभी होती. क्रूस दे फेरोला तिने पाहून न पाहिल्यासारखे केले होते. येथे तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

तिसरी वाट अंतराने सर्वांत लहान आणि श्वासाला सर्वांत कठीण. पेरूमध्ये कुस्को हे शहरच ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथील कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता ह्या अठराव्या शतकातील चित्रकाराचे शेवटच्या भोजनाचे चित्र आहे आणि प्रभूसमोरच्या ताटात तेथील लोकांच्या आवडीचा 'कुई' हा भाजलेला प्राणी वाढलेला आहे. ज्याच्या घरी प्रभू जेवायला जातो, त्याच्या घरचे अन्न तो खातो. कुस्कोजवळून माचू पिच्चूपर्यंतची इन्कांची वाट त्रेचाळीस किलोमीटरांची, चार दिवसांची. हमाल आणि वाटाडे धरून दिवसाला पाचशेच माणसे सोडतात आणि वाटेची डागडुजी करण्यासाठी दर फेब्रुवारीत ती बंद ठेवतात. आम्ही २०१९ सालच्या मे महिन्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी ४,२१५ मीटर उंचीची खिंड ओलांडायची असते. तिचे नाव 'मृत स्त्रीची खिंड'. खिंडीच्या अलीकडे पतीला विरळ हवेने घेरले. डोके ठणकू लागले, दर वीस पावलांना थांबावे लागे. ह्या वेळी पुढे चालणे पतीच्या वाट्याला आले. पत्नी मागे राहिली आणि वीस पावलांना थांबत राहिली. वाटाड्याने त्याला चघळायला कोकाची पाने दिली. पण त्याआधी तीन नितळ पाने निवडून पंख्यासारखी धरली आणि डोंगराकडे तोंड करून त्यांवर फुंकर घातली. पानाला मान देण्याची ही रीत पानवेलींच्या गावातून आलेल्या आम्हांला लगेच समजली. दुपारी तीन वाजता खिंड पार झाली.

त्या वाटेवर आम्हांला सर्वांत अधिक शिकवले ते हमालांनी. पूर्वी त्यांच्या पाठीवर वाटेल तेवढे ओझे लादत. २००१ सालच्या कायद्याने वीस किलोंची मर्यादा घातली आणि आता वाटेच्या तोंडाशी प्रत्येकाचे ओझे काट्यावर तोलतात. आमच्या पाठीवर पाच किलो, त्यांच्या पाठीवर वीस. तरी ते आमच्या आधी मुक्कामी पोहोचून तंबू ठोकीत. शेवटच्या पहाटे आम्ही सूर्यद्वाराकडे वळलो, तेव्हा ते दुसऱ्या वाटेने गाडी पकडायला उतरून गेले. माचू पिच्चू पाहताना ते आमच्याबरोबर नव्हते. आदल्या संध्याकाळी पतीने त्यांच्यातील वयस्क गृहस्थांचे ओझे उचलून पाहिले होते. ते त्याला गुडघ्याच्या वर नेता आले नाही. आपल्या सुखाच्या वाटेवर आपले ओझे कोण वाहतो आहे, हे एकदा तोलून पाहावे. घरी परतल्यावर आम्ही घरकामाला येणाऱ्या बाईंची सुट्टी आणि पगार ह्यांचा हिशेब नव्याने मांडला.

२०२० साली महामारी आली आणि साऱ्या वाटा बंद झाल्या. त्या महिन्यांत आम्ही अंगणात फेऱ्या घालीत होतो, पत्नी पुढे आणि पती मागे. आता आमचे वय वाढले आहे. तरी चालणे सुटलेले नाही आणि बोलणेही. मुलाचे नाव घरात रोज निघते; कधी त्याच्या खोड्यांवर हसायलाही येते.

धर्मग्रामातील पुष्कळ जोडपी आम्हांला विचारतात, म्हणून थोडे कामाचे सांगतो. निघण्यापूर्वी सहा महिने घरच्या रस्त्यांवर ओझ्यासह चाला. नवे बूट वाटेवर नेऊ नका, ते आधी घरी वापरून मऊ करा. ओझे हाताने उचलून न पाहता वजनकाट्यावर पाहा. दिवसाचा टप्पा मंद चालणाऱ्याने ठरवावा आणि त्यानेच पुढे राहावे. २५ जुलै, म्हणजे संत याकोबांचा सण, ज्या वर्षी रविवारी येतो ते सांतियागोचे पवित्र वर्ष असते. २०२७ साली तसा योग आहे. आणि ज्यांना पैसा, वय किंवा आजारपण ह्यांमुळे जाणे शक्य नाही, त्यांनी व्हियाफ्रांकाचे दार आठवावे. संध्याकाळच्या मिस्सेला गाडी न काढता दोघांनी मिळून चर्चपर्यंत चालत जावे. अंतर थोडे असले तरी चालेल.

दुसरा खडा अजून पतीच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे. तो कोठे ठेवायचा हे ठरलेले नाही. त्याची घाई नाही, हे आता आम्हां दोघांनाही ठाऊक आहे.